पार्किंगमध्ये महाराष्ट्र मांडायचा म्हणजे

प्रश्न असा आहे: "आमच्या सोसायटीत १ मेला सकाळी झेंडावंदन, दोन भाषणं, वडापाव, आणि नऊच्या आत सगळे आपापल्या घरी. यंदा आम्ही पाच कुटुंबं आणि सुट्टीला आलेले पाहुणे मिळून तिसेक जण आहोत. सगळ्यात लहान मुलगी ४ वर्षांची, सगळ्यात मोठ्या आजी ७८ वर्षांच्या. मैदान नाही; पार्किंग आहे आणि गच्ची आहे. फार खर्च करायचा नाही. मुलांना मजा यावी आणि तरी दिवस महाराष्ट्र दिनाचाच वाटावा, असं काय करता येईल?"

मी २२ वर्षं उन्हाळी शिबिरं घेते आहे आणि त्यातले बरेचसे १ मे असल्याच पार्किंगमध्ये गेले. म्हणून आधी काय करू नका ते सांगते. माईक आणू नका. माईक आला की बोलणारे तीन होतात आणि ऐकणारे सत्तावीस. मग खुर्च्या लागतात. खुर्च्या लागल्या की मोठी माणसं बसतात, आणि बसलेला माणूस लगोरी खेळायला उठत नाही, त्याला चहा लागतो.

दुसरं, प्रश्नमंजूषा नको. हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकले. पहिल्या वर्षी चाळीस प्रश्न काढले होते, रात्री जागून. राज्याची स्थापना कधी, पहिले मुख्यमंत्री कोण, सर्वांत उंच शिखर कोणतं. स्कॉलरशिपची तयारी करणारी दोन मुलं पटापट उत्तरं देत सुटली. बाकीची पोरं चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत बसली. एक काकू तर भिंतीला टेकून शांत झोपल्या होत्या. त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून ठेवली आहे: पाठ केलेलं विचारायचं नाही, माणसाकडे आधीच आहे ते विचारायचं. प्रत्येकाला गाव असतं, आजोळ असतं, आजीच्या तोंडचा एखादा शब्द असतो, जिभेवर एखादी चटणी असते. तीस माणसं जमली की अर्धा महाराष्ट्र तसाही तुमच्याकडे येऊन उभा असतो. त्याला फक्त जमिनीवर जागा करून द्यायची.

म्हणून माझा सगळा १ मे एका नकाशाभोवती फिरतो. तो कसा काढायचा ते जरा नीट सांगते, कारण इथेच लोक घाबरतात.

शाळेच्या पुस्तकातला जिल्ह्यांचा नकाशा घ्या. त्यावर पेन्सिलीने चौकोन पाडा, रुंदीला १६ आणि उंचीला १४. दोन गाड्या हलवल्या की पार्किंगमध्ये साधारण तेवढ्या फुटांची जागा निघते. जमिनीवर सुतळी ताणून तेवढेच एक-एक फुटाचे चौकोन आखा आणि कागदावरच्या चौकोनात जी रेघ दिसते ती जमिनीवरच्या चौकोनात उतरवा. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ७०० किलोमीटर पसरलेला आहे, म्हणजे तुमचा एक फूट झाला पन्नास किलोमीटरचा. हे मुलांना मुद्दाम सांगा, पुढे फार कामाला येतं. चौथी-पाचवीची चार मुलं मिळून तासा-दीड तासात हे काम करतात. जिल्ह्यांच्या सीमा तंतोतंत नकोत. गोंदिया जरा फुगला किंवा धुळं वाकडं झालं तरी काही बिघडत नाही.

रेघा खडूनेच मारा. रांगोळी दहा पावलांत पुसली जाते आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. मैदानावर आखायला वापरतात ती फक्की तर अजिबात नको. खाली बसून खेळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत जाते. बाहेरची सीमा गेरूने जाड काढली तर गच्चीवरूनही छान दिसते.

आखताना ७८ वर्षांच्या आजींना खुर्ची देऊन मध्ये बसवा (ही एक खुर्ची चालेल). राज्य झालं तेव्हा, १ मे १९६० रोजी, जिल्हे २६ होते. आज ३६ आहेत. आजींचं शाळेचं वय त्या सुमाराचं आहे. त्यांनी जुने २६ सांगायचे आणि मुलांनी ते पांढऱ्या खडूने काढायचे. नंतर वाढलेले दहा रंगीत खडूने. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, चांद्यातून गडचिरोली, उस्मानाबादेतून लातूर, धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशिम, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया, औरंगाबादेतून मुख्यतः जालना, मुंबईतून उपनगर, आणि सगळ्यात शेवटी २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. आजी "कुलाबा जिल्हा" म्हणतील आणि मुलं मुंबईच्या टोकाला शोधत बसतील. तो म्हणजे आजचा रायगड. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं मुलांच्या तोंडी आहेत, आजींच्या तोंडी जुनी. इथे दोघांची जी देवाणघेवाण होते ती मी कुठल्याही भाषणात ऐकलेली नाही. एका वर्षी एक आजोबा "चांदा, चांदा" म्हणत होते आणि नातू नकाशात चंद्र काढायला निघाला होता.

झेंडावंदन झालं की पहिला खेळ: आपापल्या गावावर जाऊन उभं राहायचं. बस, एवढंच. ज्यांना जिल्हा माहीत नाही ते शेजाऱ्याला विचारतात, काही जण तिथूनच गावी फोन लावतात. इथे एक गंमत आपोआप घडते. एक फुटाला पन्नास किलोमीटर या हिशोबात मुंबई शहर जिल्हा अंगठ्याएवढा होतो. खरंच. आणि मुंबईकर पाहुणे असतात पाच. ते पाचही जण एका अंगठ्यावर, एकमेकांचे खांदे धरून, एका पायावर उभे राहतात, आणि समोर गडचिरोलीवर एकटी तुमची मावशी ऐसपैस मांडी घालून बसलेली असते. मुंबईकरांना वेगळं सांगावं लागत नाही, लोकलची सवय असते.

उभं राहिल्यावर प्रत्येकाने फक्त एक वाक्य बोलायचं: या गावातली मला आठवणारी एक जागा. विहीर, पार, एसटी स्टँड, काहीही. लांबण लावणाऱ्याला मुलांनी टाळ्या वाजवून थांबवायचं, हा नियम आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणाला राग येत नाही.

आणि हो, नकाशाच्या चारी बाजूंनी तीन-तीन फूट मोकळे सोडा. ही चूक मी बरीच वर्षं करत होते. सोसायटीतल्या सगळ्यांचं गाव महाराष्ट्रात नसतं. इंदूरची सून असते, निजामाबादचं कुटुंब असतं, वॉचमन उत्तर प्रदेशातला किंवा नेपाळचा असतो. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा, शिवाय दादरा-नगर हवेलीचा तुकडा, एवढे शेजारी आपल्या सीमेला लागून आहेत. त्यांची नावंही बाहेर लिहा आणि त्याही पलीकडे जागा ठेवा. गुजराती शेजारी असतील तर त्यांना मानाने बोलवा, कारण १ मे हा त्यांच्याही राज्याचा वाढदिवस. दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली. शिवाय हा कामगार दिनही आहे. मग त्या दिवशी सफाईवाल्या मावशींनी आणि वॉचमनदादांनी पानं वाढायची नाहीत, खेळायचं. पानं सेक्रेटरी वाढतील. आमच्याकडच्या एका वॉचमनने लगोरीत जो नेम दाखवला, त्यानंतर पोरांनी त्याला वर्षभर "कॅप्टन" म्हटलं.

आता नकाशावरचा धावायचा खेळ. एक जण खूण सांगतो, सगळ्यांनी त्या जिल्ह्यात पळायचं, शेवटी पोचेल तो पुढची खूण सांगतो. कुणी बाद होत नाही. बाद झालेलं मूल पुढच्या दहा मिनिटांत काहीतरी मोडतं, हा माझा अनुभव. मोठ्यांनी लंगडी घालत जायचं म्हणजे मुलांना बरोबरीची संधी मिळते. सोप्या खुणा: ताडोबा, पंढरपूर, लोणार सरोवर, मेळघाट, महाबळेश्वर. नाकाने ओळखायच्या खुणा: घोलवडचा चिकू, वायगावची हळद, लासलगावचा कांदा, मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची. पण खरी रंगत भांडणाच्या खुणांत आहे. "पैठणी" म्हटलं की अर्धे लोक पैठणसाठी छत्रपती संभाजीनगरकडे पळतात आणि अर्धे येवल्यासाठी नाशिककडे. "कळसूबाई" म्हटलं की नाशिकवाले आणि नगरवाले दोघेही छाती पुढे काढतात, कारण १६४६ मीटरचं ते शिखर इगतपुरी आणि अकोले या दोन तालुक्यांच्या सीमेवर आहे. निवाडा असा द्यायचा: एक पाय नाशिकमध्ये, एक पाय नगरमध्ये ठेवून जो उभा राहील तोच जिंकला.

एक खूण राखून ठेवा, ती शेवटी सांगा: "आज ज्यांचा वाढदिवस आहे असे चार जिल्हे." सगळे गोंधळतात. जालना आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी झाले, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी. त्या वेळी जे त्या चार जिल्ह्यांत उभे असतील त्यांना कलिंगडाची पहिली फोड. मुलांना जिल्ह्याचा वाढदिवस असतो हेच मुळी नवीन वाटतं, आणि पुढच्या वर्षी हीच चार नावं ती बरोबर लक्षात ठेवून येतात. फोडीसाठी का असेना.

वेळेचं बोलू. मे महिना आहे, विदर्भात असाल तर आणखीच जपून. झेंडावंदन सातला उरकत असेल तर पावणेआठ ते साडेनऊ एवढाच धावायचा वेळ. दहानंतर पार्किंगच्या सावलीतसुद्धा मुलांना पळवू नका, आणि गच्चीवर अनवाणी तर मुळीच नाही. तिथली फरशी सकाळी अकराला तव्यासारखी असते. पाण्याचा माठ आणि पन्हं खेळाच्या जागेशेजारीच ठेवा. "तहान लागली की घरी जा" म्हटलं की मुलं जात नाहीत आणि दुपारी डोकं धरून पडतात. पुढचा भाग संध्याकाळी साडेपाचनंतर.

लगोरीचं सांगते, कारण पार्किंगमध्ये तीच सगळ्यांना आठवते आणि तिथेच घोळ होतो. एका सोसायटीत माझ्या देखत टेनिसच्या चेंडूने गाडीचा आरसा फुटला. गाडीवाले गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यानंतर तिथे खेळच बंद झाले, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून चेंडू चिंध्यांचा. जुन्या मोज्यात कापडाचे तुकडे घट्ट कोंबायचे, तोंड गाठ मारून उलटं करायचं, वरून दुसरा मोजा चढवायचा आणि सुतळीने उभं-आडवं आवळायचं. हा चेंडू फार लांब जात नाही, पाठीत बसला तरी लागत नाही, आणि आजीसुद्धा मारू शकतात. ठिकऱ्या सात. फरशीचे तुकडे घेतलेत तर त्यांच्या कडा आदल्या दिवशी दगडावर घासून बोथट करा, नाहीतर रचण्याच्या घाईत बोटं कापतात. संघ वयाने पाडू नका, नात्याने पाडा: मामा मंडळी विरुद्ध काका मंडळी, किंवा माहेर विरुद्ध सासर. दोन वाक्यांत चेव येतो.

आट्यापाट्या पार्किंगमध्ये बसत नाहीत, लांबी पुरत नाही, नाद सोडा. गच्चीवर कुठलाच पळायचा खेळ नको, कठडा कितीही उंच असला तरी. डबा ऐसपैस मात्र इमारतीसाठीच जन्माला आलेला खेळ आहे. जिने, मीटरची खोली सोडून बाकी कोपरे, गाड्यांच्या मागची जागा. संध्याकाळी सहाच्या उतरत्या उजेडात खेळा. फक्त एक बदल करा: राज्य घेणाऱ्याने नाव घेऊन "ऐसपैस" म्हणण्याऐवजी त्या माणसाचा जिल्हा ओरडायचा. "बुलढाणा, खांबाच्या मागे!" सकाळी कोण कुठे उभं होतं हे आठवावं लागतं. चुकीचा जिल्हा घेतला तर पुन्हा राज्य. सकाळच्या नकाशाची उजळणी कुणालाही न कळता होऊन जाते.

भर दुपारी घरात बसून करायचं ते "मी कोण?" चिठ्ठी पाठीवर चिकटवायची, आपली चिठ्ठी आपण बघायची नाही, आणि हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायचं. चिठ्ठ्यांवर राज्याची मानचिन्हं लिहा: शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू, ताम्हण राज्यफूल, आंबा राज्यवृक्ष, आणि २०२३ पासून पापलेट हा राज्यमासा. एका वर्षी पाठीवर पापलेट लावलेल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मला खातात का?" सगळे एका सुरात हो म्हणाले. काका खुशीत, "मग मी आंबा!" नाही. "मला साल असते का?" इथे घरात दोन तट पडले. पंधरा मिनिटं काका स्वतःला फळ समजत होते.

ताम्हणाचं आणखी एक. त्याचा बहर बरोबर याच दिवसांत असतो. जांभळी फुलं, पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या, मध्ये पिवळे केसर. सकाळी झेंडावंदनाच्या आधी सव्वासहाला मुलांना घेऊन आसपासच्या दोन रस्त्यांवर फिरा आणि फुललेलं ताम्हण आधी कोण शोधतं ते बघा. शहरात रस्त्याकडेला, जुन्या सरकारी वसाहतींत, बागांत हे झाड लावलेलं असतं. मिळालं नाही तर बहावा आणि गुलमोहर तरी मिळतातच. फूल तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. तेच आणून नकाशाच्या मध्यावर ठेवायचं. एवढी सजावट पुरते, फुगे विकत आणू नका.

जेवणाचं थोडक्यात: प्रत्येक घराने आपल्या गावाकडचा एकच पदार्थ आणायचा, आणि तो घरातल्या ज्या माणसाने एरवी स्वयंपाक केलेला नाही त्याने करायचा. चवीची हमी नाही, गप्पांची आहे. पण एक खेळ मी कधीच चुकवत नाही, तो चटण्यांचा. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, भाकरीचा एवढासा तुकडा, त्यावर चिमूटभर चटणी. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची, तिळाची, सुक्या खोबऱ्याची, लसणाची. ओळखायची आणि कुठल्या बाजूची ते सांगायचं. कारळ आणि जवस यांत तरुण मंडळी हमखास फसतात. आजी सहसा वास घेऊनच सांगतात, तुकडा तोंडात घालतच नाहीत. तिखट न खाणाऱ्या लहानांसाठी हेच आंब्याचं करा: हापूस, पायरी, केसर यांच्या फोडी, आणि शेवटी एकेक रायवळ हातात. रायवळ कापायचा नसतो, हाताने माचून म्हणजे दाबून मऊ करून, देठ काढून चोखायचा असतो, हे हल्ली मुलांना शिकवावं लागतं. कपडे जुने घाला.

संध्याकाळचा शेवटचा तास गच्चीवर, बसून. आता बसायला हरकत नाही, सगळे दमलेले असतात. इथे गाण्यांच्या भेंड्या लावाल तर त्या सिनेमाच्या गाण्यांवर जाऊन अडकतात. त्यापेक्षा म्हणी हावभावांनी ओळखायला लावा. एकाने एक शब्द न बोलता करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. "नाचता येईना अंगण वाकडे" लहान मुलांना जमते. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" साठी गाढव व्हायला कुणीतरी तयार लागतं. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं" एका आजोबांनी एकट्याने केली होती: डोळे मिटून जातं फिरवायचे, मग टुणकन पलीकडे जाऊन चार पायांवर पीठ चाटायचे, पुन्हा इकडे येऊन दळायचे. त्यांची सून हसून हसून खाली बसली. ती म्हणाली, लग्नाला सतरा वर्षं झाली, यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

बोलींचा खेळ दहा मिनिटांचा ठेवा, पण ठेवा. एक साधा शब्द द्यायचा, प्रत्येकाने आपल्याकडचा सांगायचा. मुलगा-मुलगी म्हटलं की मालवणी माणूस झील-चेडू म्हणतो, अहिराणी बोलणारा आंडोर-आंडेर, वऱ्हाडातला पोट्टा-पोट्टी. पेरूला विदर्भात जांब म्हणतात हे कळल्यावर पुण्याची मुलं जी चक्रावतात! हसायचं ते शब्दाच्या गमतीला. बोलणाऱ्याला हसू लागलात तर तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून इथे मी स्वतः मध्ये बसते आणि डोळे वटारते.

आणि मग पोवाडा. हे करायला लोक लाजतात, पण तुम्ही कराच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांनी डफावर थाप मारून गावोगाव माणसं जागी केली. राज्य मिळवताना शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्यासाठी आहे. त्या हौतात्म्याचा खेळ करायचा नाही. ते सांगायचं ते आजींनी दोन मिनिटं, साध्या शब्दांत, सगळे गप्प असताना. पण शाहिरीचा ढंग मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही. त्यांना सांगा, आपल्याच इमारतीचा पोवाडा रचा. डफ नसेल तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आमच्या शिबिरातल्या मुलांनी रचलेला असा होता:

ऐका मंडळी, बी विंगची कहाणी,
तीन दिवस नव्हतं नळाला पाणी,
टँकर आला भर दुपारी,
बादल्या घेऊन धावली सारी,
लिफ्टही बंद, जिना चढू जी,
चौथ्या मजल्यावर आलं रडू जी,
जी जी रं जी!

"जी जी रं जी" सगळ्यांनी मिळून म्हणायचं, अगदी ४ वर्षांच्या मुलीनेसुद्धा. खरं तर तिलाच झीलकऱ्यांची, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांची, म्होरकी करा. तिला बाकीचे नियम कळले नाहीत तरी हे एक काम ती जीव तोडून करते. सेक्रेटरींवर कडवं येणारच. त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. दहाच्या आत सगळं आवरा.

उखाणे मोठ्यांना घ्यायला लावण्याऐवजी मुलांना घ्यायला लावा, आपल्या जिवलग मित्राच्या किंवा भावंडाच्या नावाने. "आंब्याच्या पेटीत आंबे होते बारा, दादाने खाल्ले अकरा, त्याला कुणी विचारा!" असले निघतात.

झेंड्याबद्दल एक सूचना, कारण दरवर्षी कुठेतरी हे पाहते. महाराष्ट्राला वेगळा झेंडा नाही, आपण १ मेला तिरंगाच फडकवतो, आणि त्याचे नियम खेळाच्या नावाखाली सैल होत नाहीत. तिरंगा छापलेले रुमाल, टेबलावरचे कागदी नॅपकिन, उशा हे ध्वजसंहितेत बसत नाही. प्लास्टिकचे छोटे झेंडे आणूच नका. संध्याकाळी ते गटारात दिसतात. लहानांच्या हातात कागदी झेंडे दिलेत तर खेळ सुरू होण्याआधी एका डब्यात परत गोळा करा आणि गोळा करायचं काम एका मुलाच्या नावावर लावा, नाहीतर ते पायाखाली येतात. राज्यगीत म्हणायचं तर झेंडावंदनाला, राष्ट्रगीताप्रमाणेच उभं राहून, नीट. त्यावर नाच बसवू नका.

खर्च विचारला होता म्हणून: खडूचे दोन डबे, गेरू, सुतळीचं एक बंडल, कलिंगडं, आंबे. बाकी सगळं घरात आहे. नकाशा आदल्या रात्रीच काढायचा, म्हणून त्या संध्याकाळी आधी दोन कामं करा. गाड्या हलवायला कोण तयार आहे ते विचारून ठेवा, आणि पार्किंग झाडून ओलं पुसून घ्या. धुळीवर खडू उमटत नाही. अवघड म्हणाल तर यातलं गाड्या हलवणंच. माझा उपाय असा की ज्यांच्या गाड्या हलवायच्या आहेत त्यांच्याच मुलांना नकाशा काढायच्या गटात घ्यायचं. मग रात्री नऊला ते स्वतः किल्ली घेऊन खाली येतात, आणि वर विचारतात, "आमचं सांगोला कुठे काढलंत?"